गव्याचा डोळा: मेटल प्रिंट की कॅनव्हास?

४ ऑगस्ट २०२४, रविवार. वहिनींच्या नव्या दवाखान्याची फरशी पुसायला घरातले सगळे जमलो होतो. वहिनी फिजिओथेरपिस्ट आहेत. कोल्हापुरात राजारामपुरीतली भाड्याची जागा सोडून टाकाळ्याला स्वतःच्या गाळ्यात जायचं, आणि दसऱ्याच्या मुहूर्तावर दवाखाना सुरू करायचा, असं ठरलं होतं. पाणी निपटता निपटता त्या म्हणाल्या, “भाऊजी, भिंतींवर विकतची चित्रं नकोत मला. तुम्ही एवढं दाजीपूरला जाता, ते फोटो लावूया. पंचवीस हजारांत बसवा.”

मी बारा वर्षं जंगलातले फोटो काढतोय, पण ते सगळे संगणकात. मोठ्यात मोठा छापलेला फोटो बारा बाय अठराचा, तोही साध्या फोटोपेपरवर, काचेच्या फ्रेममध्ये. कोल्हापूरच्या पावसात त्या काचेला आतून वाफ धरली आणि कागद काचेला चिकटला. त्यामुळे काच नको हे पहिल्या दिवशीच ठरलं. राहिले दोन पर्याय, मेटल म्हणजे धातूच्या पत्र्यावरची छपाई, आणि कॅनव्हास म्हणजे कापडावरची. एवढं ठरवायला मला जवळजवळ दीड महिना लागला. मराठीत याबद्दल फारसं वाचायला मिळालं नाही, म्हणून तारखा आणि खर्चासकट लिहून ठेवतोय.

सुरुवात फोटोंपासून केली, आणि ती भिंतींपासून करायला हवी होती. पहिल्या आठवड्यात मी सतरा फोटो निवडून वहिनींना दाखवले. त्यात आंबोलीचा मलबारी चापडा होता, माझा फार आवडता. वहिनींनी एका वाक्यात काढून टाकला. “कंबर धरून आलेला माणूस समोर साप बघून अजून आखडेल.” त्यांचं बरोबर होतं. शेवटी चार राहिले: दाजीपूरचा गवा, धुक्यातल्या सड्यावर चरणारा गव्यांचा कळप, राधानगरीतलं शेकरू आणि कळंबा तलावावरचा खंड्या.

मग रद्दीतली वर्तमानपत्रं घेऊन गेलो. वीस बाय तीस, सोळा बाय चोवीस, चोवीस बाय छत्तीस इंच अशा मापांचे तुकडे जोडून भिंतींवर चिकटपट्टीनं लावले आणि चार दिवस तसेच ठेवले. हे जरूर करा, याला काही खर्च नाही. बाकड्यावर बसलेल्या माणसाचं डोकं कुठं टेकतं, दार उघडल्यावर काय झाकलं जातं, हे सगळं कागदानं दाखवलं. बाकड्याच्या पाठीपासून किमान दहा इंच वर फोटो घ्यावा लागतो, नाहीतर तेलकट डोकी टेकून तो खराब होतो.

कागदानं आणखी एक गोष्ट दाखवली. जुलैअखेरीस पंचगंगेनं ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली होती, आठवडाभर शहरात ऊन म्हणून पडलं नव्हतं. पश्चिमेच्या भिंतीवर लावलेला कागद तिसऱ्या दिवशी खालून ओला झाला. बाहेरच्या गिलाव्यातून ओल येत होती. आर्द्रता मोजायचं एक छोटं यंत्र साडेचारशे रुपयांना घेतलं, त्या भिंतीपाशी ते ८४ टक्के दाखवत होतं. ओलीच्या भिंतीवर कॅनव्हास लावला तर मागून बुरशी धरते. मेटल गंजत नाही, पण त्याच्या पाठीमागची चौकट बहुतेक वेळा एमडीएफची, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाची असते आणि ती पाणी पिऊन फुगते. ती भिंत आम्ही सोडूनच दिली. तिथं आता कुंड्या आहेत.

१७ ऑगस्टला शनिवारी सुट्टी होती म्हणून लक्ष्मीपुरी आणि उद्यमनगरात फिरलो. “मेटल प्रिंट करता का?” या प्रश्नाला तीन ठिकाणी “हो” असं उत्तर मिळालं, आणि तिन्ही ठिकाणी दाखवलं ते वेगळंच. ती होती एसीपी शीट: दोन बाजूंना अॅल्युमिनियमचे पातळ पत्रे, मध्ये प्लॅस्टिक, आणि वर यूव्ही शाईनं छपाई. दुकानांच्या पाट्या करतात ती. शाई पत्र्याच्या वर बसते, जवळून पाहिलं की छपाईचे ठिपके दिसतात. एक दुकानदार फार सरळ माणूस होता. म्हणाला, “दादा, पाटीला ह्येच चालतंय, पण तुमचा फोटो ह्याच्यावर मरंल. तुमास्नी पायजे ते सब्लिमेशन. कपावर फोटो छापतोय बघा, तसलं. माझी मशीन कपाएवढीच हाय.”

त्याच्यामुळे मला पद्धत कळली. फोटो आधी एका विशेष कागदावर उलटा छापतात. अॅल्युमिनियमचा साधारण एक मिलिमीटर जाडीचा पत्रा असतो, त्यावर पॉलिमरचा लेप दिलेला असतो. कागद त्यावर ठेवून दोनशे अंश सेल्सिअसच्या आसपास दाबतात. उष्णतेनं शाईची वाफ होते आणि ती लेपाच्या आत शिरून बसते. म्हणून रंगाला खोली येते आणि ओल्या फडक्यानं पुसलं तरी काही होत नाही. मात्र या शाया सतत उन्हात राहिल्या तर उतरतात. कॅनव्हासवर बहुतेक चांगले छापखाने पिगमेंट शाई, म्हणजे बारीक रंगकणांची शाई वापरतात, ती जास्त टिकते, पण कापड पुसता येत नाही. दुकानात चौकशी करताना फक्त “मेटल” म्हणू नका. “अॅल्युमिनियमवर सब्लिमेशन” म्हणा, आणि कॅनव्हासला “पिगमेंट शाई का?” असं विचारा.

मेटलसाठी बंगळुरूचा एक छापखाना मिळाला, कॅनव्हाससाठी पुण्याचा. दोघांनाही थेट ऑर्डर देण्याआधी नमुने मागवले. इथं मला जी गोष्ट सुचली ती या सगळ्या खटाटोपातली सगळ्यात उपयोगी ठरली. नमुन्यासाठी पूर्ण फोटो लहान करून पाठवायचा नाही. लहान केलेला फोटो कशावरही छान दिसतो. मी आठ बाय बारा इंचाची एकच फाइल केली आणि तिचे तीन पट्टे पाडले. एकात गव्याचा डोळा आणि मान, दुसऱ्यात धुक्याचा तुकडा, तिसऱ्यात खंड्याची पाठ. तिन्ही तुकडे मोठ्या प्रिंटमध्ये जेवढे दिसणार तेवढ्याच आकाराचे, आणि तेवढेच पिक्सेल.

पिक्सेलचं गणित सोपं आहे, पण करावंच लागतं. माझा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, म्हणजे पूर्ण फोटो ६००० बाय ४०००. गव्याचा फोटो कापून ४२०० बाय २८०० राहिला होता. तो तीस इंच रुंद छापला तर इंचाला १४० पिक्सेल. कॅनव्हासला एवढे भरपूर होतात, कापडाच्या विणीत उणीव झाकली जाते. मेटल गुळगुळीत, त्याच्यावर काहीच झाकलं जात नाही. तिथं २०० च्या पुढे असावेत असं छापखान्याचं म्हणणं. खंड्या ४८०० पिक्सेलचा, चोवीस इंचांवर बरोबर २०० बसत होता. गवा मधेच अडकला.

मेटलचे तीन नमुने घेतले: ग्लॉसी म्हणजे चकचकीत, मॅट म्हणजे चमक नसलेला, आणि पांढऱ्या लेपाशिवायचा, ज्याला ते सिल्व्हर म्हणतात. प्रत्येकी ६५०. कॅनव्हासचा एक, ४००. ऑर्डर २० ऑगस्टला, कॅनव्हास आला २७ ला, मेटल ३० ला.

आता त्या गव्याबद्दल थोडं सांगायला हवं. दाजीपूरचं जंगल १९५८ साली गव्यांसाठी अभयारण्य झालं, १९८५ मध्ये क्षेत्र वाढून ते ३५१ चौरस किलोमीटरचं राधानगरी अभयारण्य झालं. कोल्हापूरकरांना गवा नवा नाही, पण बहुतेकांनी त्याला लांबून, गाडीच्या उजेडात किंवा पळताना पाहिलेलं असतं. मला तो एका फेब्रुवारीत सकाळी पावणेसातला रस्त्याच्या कडेला उभा दिसला. मोठा नर. अंग काळं, पण काळंच नाही. खांद्यावर ऊन पडलं की तांबूस झाक येते, मानेखालच्या पोळीवर केस दवानं चिकटलेले, गुडघ्याखाली मळकट पांढरे मोजे. त्यानं मान वळवली आणि पाहिलं. त्याच्या डोळ्यात उजेडाचा एक ठिपका होता, छापल्यावर मोहरीएवढा होईल असा, आणि त्या ठिपक्याच्या खालच्या कडेला समोरच्या झाडांची काळी रेघ. लहानपणी न्यू पॅलेसच्या संग्रहालयात पेंढा भरलेली जनावरं पाहून मी घाबरायचो. अंगाला नाही, डोळ्यांना घाबरायचो, कारण काचेचे डोळे कुठंच बघत नाहीत. त्यामुळे या फोटोत मला दुसरं काही नाही मिळालं तरी चालेल, पण डोळा पाहिजे होता.

३१ ऑगस्टला चारही नमुने गव्यासाठी ठरवलेल्या भिंतीवर ओळीनं चिकटवले आणि आठवडाभर सकाळ-दुपार-संध्याकाळ जाऊन पाहिले. मधे ७ सप्टेंबरला गणपती बसले, पण आरतीनंतरसुद्धा एकदा चक्कर मारली.

कॅनव्हासवर डोळा गेला होता. मोहरीएवढा ठिपका म्हणजे कापडाचे चार-पाच धागे. एका धाग्याच्या उंचवट्यावर थोडा उजेड, शेजारच्या खाचेत अंधार, झाडांची रेघ नाहीच. दोन पावलं मागं गेलं की गवा झोपल्यासारखा दिसायचा. पण त्याच कॅनव्हासवर धुकं असं उतरलं होतं की हात लावून बघावासा वाटे. तेच धुकं मेटलवर डागाळलेलं दिसत होतं. संगणकावर न दिसलेले रवे, म्हणजे फोटोतले बारीक दाणे, आणि आकाशातले रंगांचे पट्टे पत्र्यानं उघडे पाडले.

ग्लॉसीवर गव्याचा काळा सगळ्यात खोल होता आणि खंड्याचा निळा अक्षरशः पेटला होता. दुपारी चारला मात्र गव्याच्या मानेवर खिडकीचे गज दिसायचे आणि समोर बसलेल्या दादाचा शर्टसुद्धा. सिल्व्हर नमुन्यात जिथं फोटोत पांढरं आहे तिथं पत्रा दिसतो, कारण शाईत पांढरा रंग नसतोच. गव्याचे मोजे पत्र्याच्या राखी रंगाचे झाले. पाण्यावरच्या उजेडाला ते शोभेल, जनावराला नाही. मॅटमध्ये काळा किंचित फिका पडतो, पण भिंतीवर तिन्ही वेळी तो सारखाच दिसला.

अडचण एकच होती, आणि ती माझ्याकडून झाली होती. मॅटवर डोळा होता, ठिपका होता, रेघसुद्धा होती, पण मान आणि खांदा मिळून एक काळा गठ्ठा झाला होता. माझ्या संगणकाचा पडदा फार उजळ ठेवलेला असतो. स्क्रीन स्वतः प्रकाश देते, पत्रा फक्त खोलीतला प्रकाश परत करतो. म्हणून छापलेलं नेहमी काळवंडून येतं. नमुना पडद्याशेजारी धरून पडद्याचा उजळपणा ऐंशीवरून पस्तीसवर आणला, तेव्हा दोन्ही सारखे दिसले. मग छापखान्याकडून त्यांच्या पत्र्याचं रंगांचं प्रोफाइल, म्हणजे पत्र्यावर रंग कसे उमटतील ते संगणकाला सांगणारी फाइल, मागवलं. ते मागितलं की देतात, पण स्वतःहून सांगत नाहीत. ते लावून गव्याच्या फक्त काळ्या भागातला उजेड थोडा वर घेतला, रवे कमी केले, पण डोळ्याभोवती हात लावला नाही. दुसरा नमुना, आणखी ६५०. तो १४ सप्टेंबरला आला. खांद्यावरची तांबूस झाक दिसली तेव्हा मी रिसेप्शनच्या टेबलावर एकटाच बसलो होतो, आणि बराच वेळ बसून राहिलो.

निर्णय त्या दिवशी झाला. गवा मेटल मॅटवर, वीस बाय तीस. १४० पिक्सेल कमी आहेत, पण भिंतीसमोर माणूस पाच-सहा फुटांवर बसणार, आणि नमुना डोळ्यांनी पाहिला होता. खंड्या मेटल ग्लॉसीवर, सोळा बाय चोवीस, रिसेप्शनमागं, जिथं समोर खिडकी नाही. कळप कॅनव्हासवर, चोवीस बाय छत्तीस, उपचाराच्या खोलीत. शेकरूही कॅनव्हासवर.

फायली पाठवताना कॅनव्हासला एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. कापड लाकडी चौकटीवर दुमडून मागं ठोकतात, त्यामुळे कडेचा भाग बाजूला वळतो. माझ्या फोटोत कळपातला शेवटचा गवा अगदी कडेला होता, त्याचं ढुंगण चौकटीच्या बाजूवर गेलं असतं. चारही बाजूंना दोन-दोन इंच आरशासारखी उलटी प्रतिमा जोडून फाइल अठ्ठावीस बाय चाळीसची केली. पुण्याच्या छापखान्यानं ते स्वतःही करून दिलं असतं, पण मान्यतेसाठी आलेला नमुना नीट बघा. मला आलेल्या पहिल्या पीडीएफमध्ये त्यांनी फोटोच ताणला होता.

बाकी कागदपत्रं फार नाहीत. दोन्हीकडे ईमेलनं नमुना मंजूर करायचा, निम्मे पैसे आगाऊ, उरलेले माल निघताना. दवाखान्याला जीएसटी क्रमांक नाही, म्हणून बिल वहिनींच्या नावावर घेतलं. मेटलच्या ऑर्डरमध्ये मागची चौकट अॅल्युमिनियमची हवी असं लेखी घातलं. तोंडी सांगितलेलं बिलावर येत नाही.

कॅनव्हास २३ सप्टेंबरला आले. सुंदर होते, फक्त मोठा मधे किंचित ढिला. दमट हवेत कापड असं सैल पडतं. चौकटीच्या आतल्या कोपऱ्यांत लाकडी पाचरी असतात, त्या लहान हातोडीनं एकेक ठोका देत आत सारल्या की कापड पुन्हा डफासारखं ताठ होतं. सगळ्या कोपऱ्यांना सारखे ठोके द्यायचे, एकाच बाजूला नाही. पाचरी नसलेली चौकट असेल तर आपल्या हवेत ती घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

मेटल २७ सप्टेंबरला, शुक्रवारी संध्याकाळी आले. खोका उघडताना पुतण्याला मोबाइलवर चित्रण करायला लावलं होतं, कारण बिलामागं बारीक अक्षरात लिहिलं होतं की तक्रार ४८ तासांत, चित्रणासह. गव्याचा खालचा उजवा कोपरा वाकलेला निघाला. वाहतुकीत खोका कुठंतरी कोपऱ्यावर आपटला होता. एक मिलिमीटरचा पत्रा वाकला की सरळ होत नाही, लेपाला चीर जाते. पोटात गोळा आला, दसऱ्याला पंधरा दिवस होते. त्याच रात्री चित्रण आणि चार फोटो पाठवले. दोन दिवस उत्तर नाही. सोमवारी फोन केला तेव्हा आधी म्हणाले कुरिअरकडे दावा करा. मी शांतपणे त्यांचीच अट वाचून दाखवली. मग नवीन छापून देतो म्हणाले आणि दिलाही. तो ७ ऑक्टोबरला, सोमवारी आला, या वेळी कोपऱ्यांना जाड फोम लावून. ज्यांना तारखेला माल हवा आहे त्यांनी असे दहा दिवस हातात धरावेत.

खर्च असा झाला. गवा ७,४००, खंड्या ४,९००, कळप ४,२००, शेकरू २,३००. हे सगळं जीएसटी धरून. नमुने एकूण ३,०००, कुरिअर ९००, स्क्रू-हुक वगैरे ६००. बेरीज २३,३००. आर्द्रतेच्या यंत्राचे पैसे वहिनींकडून घेतले नाहीत. नमुन्यांवर गेलेले तीन हजार मला सुरुवातीला जड वाटले होते, पण ते नसते तर गवा कॅनव्हासवर छापला गेला असता आणि ४,००० वाचल्याचं समाधान मानून मी रोज त्या झोपलेल्या डोळ्याकडे बघत बसलो असतो.

९ ऑक्टोबरला दादानं ड्रिल मारलं. दोन्ही कॅनव्हासच्या मागं चार कोपऱ्यांत रबरी बटणं चिकटवली, म्हणजे भिंत आणि कापड यांत अर्धा इंच फट राहते आणि हवा खेळते. मेटल मागच्या चौकटीमुळे आपोआप भिंतीपासून सुटा राहतो. झाडलोट करणाऱ्या मावशींना दोन वेगळी फडकी दिली: पत्र्याला किंचित ओलं मऊ फडकं, कॅनव्हासला फक्त कोरडा ब्रश, आणि काच पुसायचा फवारा दोन्हीपासून लांब. मावशींनी दोन्ही फडक्यांना वेगळ्या रंगाची गाठ मारून ठेवली.

१२ ऑक्टोबरला दसरा झाला, सोनं वाटून झालं, दवाखाना सुरू झाला. पुढच्या आठवड्यात एका दुपारी मी बसलो होतो तेव्हा राधानगरीकडचे एक आजोबा आले, गुडघ्यासाठी. नंबर यायला वेळ होता. ते काठी टेकत उठले आणि गव्यासमोर जाऊन उभे राहिले.

“ह्यो आमच्या उसात येतोय की रात्रीचा,” ते म्हणाले. “पर एवढ्या जवळनं न्हाई बघितला कधी.”

मग चष्मा कपाळावर सारून ते आणखी जवळ गेले, नाक पत्र्याला लागेल इतके, आणि बराच वेळ तसेच राहिले.

“डोळ्यात झाडं दिसत्यात ह्याच्या,” ते वळून मला म्हणाले.